कॅम्पर व्हॅन बघायला जाताना पोळपाट-लाटणं बरोबर न्या

दोन वर्षांपूर्वी भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही दिवेआगरला गेलो होतो. ताम्हिणी उतरता उतरता गाडीत असा काही वास सुटला की आईने पदर नाकाला लावला तो माणगाव येईपर्यंत काढला नाही. मला वाटलं बाहेर कुठेतरी काही कुजलंय. वास आमच्याच बेसिनमधून येत होता. रात्री दिवे मालवले तर पाण्याच्या पंपाच्या बटणावरचा निळा दिवा अख्ख्या गाडीत चांदणं पाडत होता. तो बंद करायचा म्हणजे पंपच बंद करायचा. शेवटी बायकोने पर्समधून टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. सकाळी पोळ्या करायला घेतल्या तर पोळपाट ठेवायला हातभर सपाट जागा नाही. पोळ्या पलंगावर लाटल्या, आणि पिठाचे डाग गेले नाहीत म्हणून अनामत रकमेतून पैसे कापून गेले.

तेव्हापासून स्वतःसाठी आणि मित्रांसाठी पुण्याच्या आसपास भोसरी, वाघोली, चाकण भागांतल्या आठ-नऊ गाड्या मी उघडून पाहिल्या आहेत. त्रास थोड्याफार फरकाने तेच निघतात आणि त्यांची कारणं दोन. पहिलं, गाडीच्या आखणीचा नकाशा परक्या देशाचा. अमेरिकेत, म्हणजे जिथे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव या धंद्याची राजधानी समजलं जातं तिथे, गाडी कॅम्पग्राउंडवर जाते, खांबाला वीज जोडते, नळाला पाइप लावते आणि निघताना घाण पाणी ठरलेल्या जागी सोडते. आपल्याकडे ढाब्याच्या मागे बोअरवेलजवळ गाडी उभी राहते. दुसरं, बनवणारा त्या गाडीत एक रात्रही झोपलेला नसतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर किंवा तसलीच एखादी गाडी घ्यायची, आत फर्निचर ठोकायचं, पिवळे दिवे लावून फोटो काढायचे, झालं काम.

म्हणून गाडी बघू नका, तिच्यात दोन तास राहा. विकत घेणार असाल तर खाली दिलेलं सगळं करा. चार दिवसांसाठी भाड्याने घेणार असाल तर वजन आणि पावसाची पायरी सोडली तरी चालेल.

बरोबर काय न्यायचं

पोळपाट-लाटणं, पाच लिटरचा कुकर, स्टीलचं ताट, मोजपट्टी, टॉर्च आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन. शिवाय घरातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात म्हातारी अशी दोन माणसं. कुकर बघून यार्डातला पोरगा हसतो. हसू द्या.

पहिली पायरी : कागद आणि वजन

आत शिरायच्या आधी आरसी मागा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत वाटेल तसे बदल करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी (कागदोपत्री अशा गाड्यांचं हेच नाव) एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. आरसीवर वाहनाचा वर्ग आणि आसनसंख्या काय लिहिली आहे ते वाचा आणि आत डोकावून मोजा. आरसीवर एक आणि आत भलतंच असेल तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. भाड्याच्या गाडीला पांढरी पाटी असेल तर तिथूनच परत फिरा. चालकासकट मिळणाऱ्या गाडीला पिवळी पाटी हवी आणि स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं.

आता वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा १२० लिटरची टाकी भरली की दोन धडधाकट माणसं वाढली. १८ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक शीट तीस-पस्तीस किलोंचा, आणि भवानी पेठेतून आणलेले असे आठ-दहा शीट आत सहज लागलेले असतात. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी एकेक पन्नास किलोंच्या वर. टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली असेल तर पुढचं टोक हलकं होतं आणि घाटात स्टिअरिंगला पकड राहत नाही.

यावर उपाय साधा आहे. मार्केट यार्ड, भोसरी, चाकण, कुठेही वजनकाटा मिळतो. टाक्या भरून आधी अख्खी गाडी तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला, म्हणजे पुढचं टोक किती हलकं झालंय ते कळेल. अख्ख्या गाडीचा आकडा आरसीवरच्या एकूण भार-वजनाशी (माणसं-सामानासकट जास्तीत जास्त वजनाशी) ताडून बघा. चार माणसं आणि त्यांचं सामान चढायच्या आधीच काटा तिथवर पोचलेला असेल तर ती गाडी घेऊ नका, भाव कितीही पाडून मिळाला तरी.

दुसरी पायरी : बाहेरून एक चक्कर

मागच्या चाकापासून बंपरपर्यंत किती अंतर आहे आणि त्या भागात खाली काय काय लोंबतंय ते वाकून बघा. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेशवीला जाणाऱ्या फेरीबोटीवर मी गाडी चढवली तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात चांगलाच कोन होतो. पुढची चाकं बोटीवर गेली, मागचं शेपूट टेकलं आणि सांडपाण्याच्या टाकीचा प्लॅस्टिकचा नळ कडकन तुटला. कालच्या कोलंबीच्या भांड्यांचं पाणी जेट्टीभर. बोटीवरचा माणूस म्हणाला, "दादा, भरतीला यायचं होतंत की." तो नळ चाकांच्या मधोमध आणि चासीच्या वर बसवता आला असता. पायरी, स्टेपनी, नळ यांपैकी जे काही शेपटाखाली लोंबत असेल ते हलवून घ्या, नाहीतर कोकणात जाताना भरतीचं वेळापत्रक खिशात ठेवा.

छतावर एसी आणि सोलर असेल तर उंची स्वतः मोजा आणि आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा. कंपनीच्या कागदावरची उंची नुसत्या गाडीची असते. मॉलचं तळघर विसरा, रेल्वेच्या पुलाखालून जाताना मात्र तो आकडा डोळ्यांसमोर हवा.

आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे दार डावीकडे. कनात (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर), बाहेरचा दिवा, बाहेरचा सॉकेट हे सगळं दाराच्याच बाजूला हवं. अमेरिकी नकाशा जसाच्या तसा उचललेल्या गाड्यांत कनात उजवीकडे उघडते, म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबलात की तुमचा चहा ट्रकच्या वाटेत.

पाणी भरायचं तोंड कॅन घेऊन तपासा. आपल्याकडे लांब पाइप क्वचित मिळतो, पेट्रोल पंपावर बादली मिळते. तोंड खांद्याच्या वर किंवा आडवं असेल तर २० लिटरचा कॅन उचलून ओतता येतो का? मी पाहिलेल्या निम्म्या गाड्यांत येत नव्हता.

मग आईला चढायला सांगा. पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असेल तर ती आपणहोऊनच म्हणेल, "तुम्ही जा, मी बसते इथेच." बाहेर सरकणारी पायरी असेल तर ती उघडी असताना गाडी सुरू केल्यावर काही वाजतं का बघा. वाजलं नाही तर ती पायरी एक दिवस फुटपाथला लागणार.

तिसरी पायरी : स्वयंपाकघर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

कुकर बेसिनमध्ये ठेवा आणि नळाखाली घासून बघा. बहुतेक ठिकाणी बेसिन सुंदर, गोल आणि वरणाच्या वाटीएवढं असतं. कुकर आत जात नाही, गेला तर नळ आडवा येतो. मग कुकर शेगडीवर ठेवा आणि शेजारच्या बर्नरवर कढई किंवा तवा. दोन बर्नरमधलं अंतर कॉफीच्या भांड्यांसाठी ठरवलेलं असतं. एका वेळी एकच पदार्थ होत असेल तर दोन बर्नरचे पैसे कशाला द्यायचे? वर बघा. शिट्टीच्या बरोबर वर प्लायचं कपाट असेल तर रोजची वाफ त्याच लाकडात मुरणार. शेगडीला काचेचं झाकण असेल आणि तेच ओटा म्हणून वापरायचं असा बेत असेल, तर तवा उतरवल्या उतरवल्या ते बंद करायचं नाही. तापलेल्या बर्नरवर पडलेली काच तडकते.

आता पोळपाट काढा. तो सपाट ठेवून, कोपर कुठेही न आपटता एक पोळी लाटल्याचा अभिनय करा. ओटा फार उंच आहे का, लाटताना तो हलतो का, पाठीमागून माणूस बाथरूमला जाऊ शकतो का, हे सगळं त्या एका मिनिटात कळतं. उपायही सोपा आहे. बिजागरीवर उचलून धरता येणारी फळी ओट्याच्या टोकाला लावून घ्या. मिस्त्रीला सांगताना "फोल्डिंग टेबल" म्हणू नका, "पोळपाट ठेवून जोर देता आला पाहिजे" असं सांगा. माझा पहिला मिस्त्री "साहेब, एवढ्यात बसेल" म्हणाला आणि त्याने दोन नाजूक बिजागऱ्या ठोकल्या. तिसऱ्या पोळीला फळी खाली.

ड्रॉवर आणि फ्रिज उघडा. फ्रिजचं दार उघडल्यावर वाट बंद होते का? ड्रॉवरना घरातल्यासारखे नुसते चुंबक असतील तर घाटाच्या पहिल्याच वळणावर चमचे जमिनीवर. दाबून उघडायचं बटण-कुलूप हवं. चिमणीची हवा भिंतीतून बाहेर जाते का, तेही हात लावून बघा. पुष्कळदा ती गाळणीतून फिरून पुन्हा आतच येते, आणि लसणाच्या फोडणीचा वास पडद्यांना आठवडाभर राहतो.

गॅसमध्ये सौंदर्याला अजिबात वाव देऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने बंद हवा आणि त्याच्या तळाला थेट गाडीबाहेर उघडणारं भोक हवं. वरच्या बाजूला नक्षीदार जाळी देऊन काही होत नाही. गॅसचा सेन्सरही पायाच्या उंचीवर हवा, डोळ्यांच्या उंचीवर लावला असेल तर लावणाऱ्याला त्याचं काम कळलेलं नाही. सिलिंडर छोटा पाच किलोंचा ठेवा, नळी नारिंगी सुरक्षा पाइपचीच वापरा, तिच्यावरची मुदत वाचा, आणि गाडी हलण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा.

चौथी पायरी : मोरी आणि संडास

घरातल्या बेसिनखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी अडून राहतं आणि ते खालचा वास अडवतं. चालत्या गाडीत, विशेषतः घाटात, ते पाणी हिंदकळून निघून जातं. आमच्या ताम्हिणीच्या वासाचं कारण हेच. वाहनांसाठी रबरी झडपेचा, पाण्याशिवाय चालणारा ट्रॅप मिळतो, तो लावून घ्या. तोवर निघताना बेसिन आणि मोरीच्या भोकात बूच घाला आणि थांबल्यावर तांब्याभर पाणी ओता. सांडपाण्याच्या टाकीला छतापर्यंत जाणारी हवेची नळी आहे का, तेही विचारा.

मोरीत ताट ठेवा, त्यात बोटभर पाणी घाला. पाणी कुठल्या कडेला सरकतंय ते बघा. मग गाडी दोन फूट पुढे, एखादं चाक जरा उंचवट्यावर घेऊन पुन्हा बघा. मोरीला एकाच कोपऱ्यात भोक असेल तर दुसऱ्या बाजूला कललेल्या जागी आंघोळीचं पाणी रात्रभर घोट्याशी उभं राहतं. समोरासमोर दोन भोकं असली की हा प्रश्नच उरत नाही. दाराचा उंबरा चार बोटं तरी उंच हवा.

कॅसेट टॉयलेटची, म्हणजे खालची टाकी ओढून काढून रिकामी करायच्या संडासाची, टाकी साधारण १५ ते २० लिटरची असते आणि ती कागद वापरणाऱ्यांसाठी मोजलेली आहे. आपला तांब्या किंवा जेट स्प्रे तिला झेपत नाही. चौघांच्या घरात ती दीड दिवसात भरते, आणि वाटेत रिकामी करायची सोय मिळेल असं धरून चालू नका. आमचा नियम असा की दिवसा पेट्रोल पंप, हॉटेल, एसटी स्टँड, आणि गाडीतला संडास फक्त रात्रीसाठी. कॅसेट घरच्या संडासात रिकामी करायची, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर कधीच नाही. विकत घेताना भरलेल्या कॅसेटच्या वजनाचा पाण्याचा कॅन कॅसेट काढायच्या झरोक्यातून ओढून बघा. कंबर मोडणारी उंची असेल तर लगेच कळतं.

टाकीची पातळी दाखवणाऱ्या चार दिव्यांवर विसंबू नका. आतल्या सळ्यांना साबण आणि तेलकट मळ चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते.

पाचवी पायरी : वीज

विकणारा म्हणेल, "एसी रात्रभर चालतो." कागद-पेन काढा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. शिसे-आम्लाची असेल तर टिकवायची म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. हिशेब संपला. लिथियमची बॅटरी जास्त खोलवर वापरता येते, तरीही एकटी ती रात्र काढत नाही. उलट एसी सोडला तर फ्रिजला दिवसाचे पाचएकशे, दोन छोट्या पंख्यांना रात्रीचे तीन-चारशे, दिवे आणि मोबाइलला शंभरएक, एवढ्यात त्याच बॅटरीवर दिवस निघतो. इंडक्शनचं नाव काढलं तर विचारा, २००० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर १६५ अँपिअरच्या वर करंट, त्यासाठी वायर किती जाडीची घातली आहे? उत्तर येत नसेल तर इंडक्शन नको. ढाब्याच्या सॉकेटवरही नको, तिथल्या अर्थिंगचा भरवसा नसतो. तापकीर गल्लीत अर्थिंग दाखवणारा छोटा टेस्टर-प्लग मिळतो, तो कायम गाडीत ठेवा.

मग सॉकेट शोधा. एक सीटच्या पाठीमागे दबलेला, एक बेसिनच्या शिंतोड्यांत, आणि उशाशी एकही नाही, असा नमुना मी तीन गाड्यांत पाहिला. पलंगावर पडून हात लांब न करता दिवा बंद होतो का? पंपाचं बटण मोरीजवळ आहे का दाराजवळ? साबण लावलेल्या अवस्थेत दारापर्यंत जायचं नसतं.

सहावी पायरी : सगळ्यांनी एकदम झोपायचं

सीटचा पलंग करायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, आणि त्या वेळी बॅगा कुठे जातात तेही. मग सगळ्यांनी आपापल्या जागी आडवं व्हायचं आणि दिवे घालवायचे. आडवा पलंग आणि सहा फुटांचा माणूस यांचं जमत नाही. भिंतीला आतून फोम आणि प्लाय लागल्यावर रुंदी आणखी चार बोटं कमी होते. उशा कुठे, पाय कुठे ते ठरवा आणि खिडकीकडच्या माणसाला संडासाला जायला सांगा. किती जणांना उठावं लागलं?

खिडक्यांच्या जाळ्या बघा. सरकत्या दाराला जाळी नसेल तर भिगवणला उजनीच्या काठावर संध्याकाळी दार उघडं ठेवणं म्हणजे डासांना जेवायला बोलावणं. छताला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खाली हवा आत यायला एक खिडकी, एवढं असेल तर फेब्रुवारीपर्यंत एसीची आठवण येत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर सुरू ठेवून झोपायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघे जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने दगावले. या वायूला वास नसतो. त्याचा अलार्म लावा. गॅसचा सेन्सर वेगळा, हा वेगळा.

सातवी पायरी : कात्रज आणि पाऊस

चाचणीला सरळ नगर रस्त्यावर नेतील. तुम्ही जुन्या कात्रज घाटाकडे वळवा. पाण्याची टाकी अर्धी ठेवा, कारण अर्ध्या टाकीतलं पाणीच सगळ्यात जास्त हिंदकळतं आणि टाकीच्या आत पाणी अडवणारे आडवे पडदे आहेत का ते वळणावर कळतं. कुटुंबातलं एक माणूस पट्टा लावून मागे बसवा आणि काय काय वाजतं ते कागदावर लिहायला सांगा. बाजूला तोंड करून बसायची, पट्टा नसलेली सीट असेल तर ती प्रवासात रिकामी राहील असं समजून माणसं मोजा.

परत आल्यावर गाडी धुवायच्या सेंटरला नेऊन छतावर दहा मिनिटं पाणी सोडा. एसी, सोलर, पंखा यांसाठी छताला जेवढी भोकं पाडली तेवढ्या गळतीच्या शक्यता. आत टॉर्च घेऊन कोपरे बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. जुनी गाडी असेल तर खिडकीखालचा प्लाय अंगठ्याने दाबा. दबला तर आत पाणी मुरलेलं आहे, आणि वरून नवा सनमायका लावून ते झाकता येतं.

टोकन देण्याआधी

बोहरी आळीत आणि नाना पेठेत फिरून दुरुस्त होतील असे त्रास म्हणजे बटणांच्या जागा, ड्रॉवरची कुलपं, जाळ्या, बूच, पायरीखालचं स्टूल. यांसाठी भाव पाडून घ्या आणि कामं स्वतः करा. टाकीची जागा, पलंगाची लांबी, मोरीचा उतार, सिलिंडरचा कप्पा यांसाठी आतलं सगळं उचकटावं लागतं. ती कामं विकणाऱ्यानेच, टोकनच्या पावतीवर एकेक ओळ लिहून, गाडी ताब्यात देण्याआधी करून द्यायची. पावतीवर "मोरीला दुसरं भोक, पुढच्या डाव्या कोपऱ्यात" इतकं स्पष्ट लिहा. "किरकोळ कामं करून देऊ" असं लिहिलेली माझी एक पावती अजून फाइलला आहे, कामं व्हायची आहेत.